आधी पडद्यावर जळू दे
भोर-वेल्ह्यातल्या हौशी पोराचा ट्रान्झिस्टर जळला, तर माल दोन-चार रुपयांचा. पण नवा आणायला पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत जाण्यात अख्खा दिवस मोडतो. म्हणून आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने घडवलेलं ‘ईसिम’ हे सर्किट आखून तपासायचं सॉफ्टवेअर मला फार मोलाचं वाटतं, आणि ते मोफत आहे. त्यात ‘कीकॅड’मध्ये सर्किट काढायचं, ‘एनजीस्पाइस’कडून तपासून घ्यायचं, मग बोर्डाची आखणी. विहिरीवरच्या मोटारीचा रिले घ्या. कॉइलला उलटा डायोड लावायचा राहिला, तर प्रवाह तुटताक्षणी १२ व्होल्टच्या जागी शेकडो व्होल्टचा सुळका आलेखात उभा राहतो. ट्रान्झिस्टर जातो तो यानेच. डायोड जोडा, सुळका १३ व्होल्टच्या आसपास दबतो. तालुक्यातल्या शाळांनी ‘ईसिम’ आपल्या संगणकांवर घालून घ्यावंच.