पायीं चालणाराचा रस्ता

रस्ता हा मूळचा पायीं चालणाराचा. गाडी, घोडा, मोटार हे सारे मागाहून आलेले पाहुणे. परंतु पाहुण्यानेंच यजमानास घराबाहेर काढावें, तशी आज आपल्या रस्त्यांची स्थिति झाली आहे. आणि दोष मात्र यजमानाच्याच माथीं मारला जातो. कोणी वाहनाखालीं सांपडला, कीं पहिला उद्गार निघतो तो "बघून चालतां येत नव्हतें काय?" हा. हा प्रश्न अगदींच अस्थानीं आहे असें नाहीं. पण तो नेहमीं एकालाच कां विचारावा, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

इ.स. १८९६ च्या ऑगस्ट महिन्याच्या १७ व्या तारखेस लंडन येथील क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीच्या धक्क्यानें मरण पावली. ब्रिटनमध्यें मोटारीनें पादचाऱ्याचा बळी घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग मानतात. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें, असा प्रकार पुन्हां कधीं न घडो, अशी इच्छा त्या वेळीं प्रकट केली होती.

ती इच्छा किती फळास आली, तें आपल्या सरकारच्या अहवालांवरून दिसतें. इ.स. २०१६ मध्यें भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,५०,७८५ माणसें दगावलीं. त्यांत १५,७४६ पादचारी होते. इ.स. २०२२ मध्यें एकंदर मृत्यु १,६८,४९१ झाले आणि त्यांपैकीं पादचारी ३२,८२५. म्हणजे सहा वर्षांत एकंदर मृत्यु शेंकडा सुमारें बारांनीं वाढले, पण पायीं चालणारांचे मृत्यु दुपटीहून अधिक झाले. नोंद पूर्वीपेक्षां अधिक काळजीनें होऊं लागली असेल असें धरलें, तरीही २०२२ सालीं दर दिवशीं सुमारें नव्वद पादचारी मेले, ही गोष्ट उरतेच. नव्वद म्हणजे शाळेच्या दोन भरलेल्या वर्गांची हजेरी!

हीं सारीं माणसें बेसावध होतीं काय? पदपथावर दुकानाचा माल मांडलेला, हातगाडी लावलेली किंवा दुचाक्यांची रांग उभी असली, म्हणजे म्हाताऱ्या आजीबाईस रस्त्यांत उतरण्यावांचून गति नसते. गांवोगांवीं तर पदपथच नाहीं. शाळा एका अंगास, वस्ती दुसऱ्या अंगास, आणि मधून हमरस्ता. सुरक्षित पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें स्पष्ट केलें. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालींच पादचारी धोरण स्वीकारलें होतें. कागदावरील हक्क पायांखालीं कधीं उतरतो, तें मात्र नागरिकांच्या तगाद्यावर अवलंबून आहे.

दुसरें कारण वेग. विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत शिकलेला नियम आठवावा: वेग दुप्पट झाला, कीं गतिज ऊर्जा चौपट होते. ताशीं ६० किलोमीटर धांवणारें वाहन एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर तोडतें. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढी वाट संपून जाते. वाहनाचा वेग ताशीं ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडकेंत पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारें साडेचार पट होतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. नॉर्वेंतील ऑस्लो शहरांत वेगाच्या मर्यादा उतरविल्या, मध्यवस्तींतून मोटारी कमी केल्या. तेथें २०१९ सालीं एकही पादचारी अपघातांत मेला नाहीं. मनुष्य चुकणारच, त्या चुकीस देहदंड होऊं नये, एवढी सोय रस्त्यानें व चालकानें केली पाहिजे.

आतां पालकांस एक स्पष्ट विनंति. लहानशा इंजिनाच्या कांहीं गाड्या सोडल्यास, अठरा वर्षांखालील मुलास वाहन चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे, आणि मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. तरीही घराघरांतून किल्ली दिली जाते. शिकवणी लांब आहे, बस वेळेवर येत नाहीं, हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु आपल्या मुलाचीं दहा मिनिटें वांचविण्यासाठीं दुसऱ्याच्या मुलाचा जीव पणास लावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कायद्याचें भय बाजूस ठेवा. या एका प्रश्नाचें उत्तर द्या, आणि मग किल्ली द्यावयाची कीं नाहीं तें ठरवा.

प्रभु येशूनें सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतांत एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. त्या प्रवाशाजवळ वाहन होतें. रस्त्यांत पडलेल्या अनोळखी माणसास त्यानें आपल्या जनावरावर बसविलें. म्हणजे तो स्वतः खालीं उतरला. ज्याच्याजवळ वाहन आहे, त्यानें प्रथम थांबावें, हाच रस्त्यावरील शेजारधर्म. तेव्हां, मुलांनो, रस्ता ओलांडतांना दोन्हीं बाजूंस अवश्य पाहा; पण उद्यां तुमच्या हातांत चाक येईल, तेव्हां पुढून चालणारा मनुष्य हा अडथळा नसून रस्त्याचा धनी आहे, हें विसरूं नका.