जपान सावरला तो आधी शेतात

संपादक महाशय,


युद्धोत्तर जपानच्या भरभराटीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. सगळे श्रेय जपानी माणसाच्या शिस्तीला आणि अमेरिकेच्या पैशाला देऊन लेखक मोकळे झाले. जमीन सुधारणेची बोळवण त्यांनी एका वाक्यात केली. पण शिस्त १९४५ पूर्वीही होतीच की! तरी भातखाचरात राबणारी कुळे निम्म्याच्या आसपास पीक खंडापोटी मालकाच्या घरी पोचवत होती, आणि खंड कमी करा म्हणून हजारोंनी तंटे होत होते.

ऑक्टोबर १९४६ च्या कायद्याने हे मोडले. परगावी राहणाऱ्या मालकाची कुळांकडची सगळी जमीन सरकारने विकत घेतली. गावातच राहणाऱ्याला कुळाकडे ठेवायला एक चो, म्हणजे सुमारे अडीच एकर, एवढीच मुभा. होक्काइदो बेटावर चार चो. मोबदला रोख्यांत दिला. महागाईने त्या रोख्यांची किंमत पार उतरली, आणि त्याच महागाईमुळे कुळांना जमिनीचे पैसे फेडणे सोपे गेले. मालकांना याची झळ बसली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५३ साली न्यायालयाने मोबदला न्याय्य ठरवला. युद्ध संपताना सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळे कसत होती. पाचेक वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले.

माझ्या मते कायद्याचा जीव दोन बाबींत होता. पहिली म्हणजे तारीख. जमीन कोणाची आणि कोण कसतो, हे २३ नोव्हेंबर १९४५ च्या स्थितीवरून धरले गेले. कायदा येणार अशी कुणकुण लागताच कुळाला हुसकावून किंवा भावाभावांत कागदोपत्री वाटण्या करून सुटण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. दुसरी बाब गावची जमीन समिती. निवडून दिलेल्या दहा जणांत पाच कुळे, तीन मालक आणि दोन स्वतःची जमीन स्वतः कसणारे. कोणते खाचर कोणाचे, हे दूरच्या कचेरीतल्या साहेबाला काय कळणार? ते ठरवताना कुळे निम्म्या जागांवर बसलेली होती.

हे सगळे परकी फौजेच्या धाकाने झाले, असा आक्षेप येतो. धाक होता, खोटे कशाला बोला. त्या फौजेचे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्याशिवाय मालकांचा विरोध इतका लवकर निवळला नसता. पण पहिला मसुदा जपानच्याच शेती खात्यातला. ९ डिसेंबर १९४५ चा मॅकआर्थर यांचा आदेश निघाला तेव्हा हा मसुदा संसदेपुढे आलेला होता. तो मवाळ होता म्हणून वर्षभराने दुसरा कायदा करावा लागला, एवढेच.

आता आपल्याकडे वळतो, कारण काळ तोच आहे. मागणीचा जोर इथे कमी नव्हता. आमच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा, आणि कुळाला मालक मानण्याचा कृषकदिन उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. मधल्या काळात ‘स्वतः कसण्यासाठी’ जमीन परत घेण्याची सोय मालकांच्या हाती होती आणि कुळांकडून ‘राजीखुशीने’ लिहून घेतलेले राजीनामेही होते. गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याची पाहणी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. कायदा बव्हंशी कागदावरच राहिला, असेच चित्र तीतून दिसले. अनेक कुळांना जमिनी मिळाल्या हेही खरे, पण तोवर कितीतरी जणांची नावे उताऱ्यावरून गेली होती.

जपानी सुधारणेतही उणिवा होत्या. डोंगरातली जंगले मालकांकडेच राहिली, शेते चिमुकली राहिली, आणि पुढे ती एकत्र करणे त्याच कायद्यांनी अवघड केले.

तरी गावसमितीचा धडा आजही घेण्यासारखा आहे. तोंडी बोलीवर बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पीककर्ज आणि नुकसानभरपाई मालकाच्या नावे निघते. मालकाचा मालकी हक्क अबाधित ठेवून बटईदाराची हंगामापुरती नोंद करावी, ती करणारी समिती गावातच निवडावी आणि तिच्या निम्म्या जागा कसणाऱ्यांना द्याव्यात, असे मला वाटते. महसूल खात्याला हे जड जाईल. तलाठ्याच्या अधिकारात वाटेकरी कोणाला हवा असतो?

आपला,
एक वाचक, अलिबाग