तान्ह्या बाळाचा वायू आणि दुधाची बाटली

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेले के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हे आता नोकरदारांच्या बिऱ्हाडांचे उपनगर झाले आहे. मार्च २०२३ मध्ये तेथून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो धावू लागली. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या भागात राहतात. अशा घरात पहिले मूल जन्मते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते सायंकाळी पाय पोटाशी ओढून तासन्‌तास रडू लागते. अनुभवी आजी दूर गावी असते. मग पोटात वायू धरत नाही अशी ख्याती असलेली एखादी महागडी बाटली घरात येते. ही खरेदी बहुधा व्यर्थ ठरते.

अमेरिकेतील मॉरिस वेसेल व त्यांचे सहकारी यांनी १९५४ साली या रडण्याची व्याख्या केली : दिवसाकाठी तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ. अंगावर पिणारी बालके जशी रडतात, तशीच बाटलीने पिणारीही. सुमारे सहाव्या आठवड्यात हे रडणे शिगेस पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुधा आपोआप ओसरते. शिवाय रडताना मूल हवा गिळते. तेव्हा पोटातील वायू हे पुष्कळदा रडण्याचे कारण नसून परिणाम असतो. मात्र ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त किंवा वजन न वाढणे यांपैकी काहीही दिसल्यास बाटलीचा विचार सोडून तत्काळ डॉक्टर गाठावा.

प्रथम प्रश्न असा की, या वयात बाटली हवीच कशाला? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीविषयक कायद्यान्वये पात्र स्त्रीला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची रजा मिळते. ती संपण्यापूर्वीच वायूचे दिवस सरलेले असतात. परंतु त्याच उपनगरात धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला ही रजा नाही. तिचे मूल दीड महिन्याचे असतानाच तिला कामावर जावे लागते, आणि बाटलीचा प्रश्न खरोखर तिच्या घरी उभा राहतो. काही मातांना दूध पुरत नाही, काही आजारी असतात. त्यांच्यावर दोषारोप करण्याचे कारण नाही.

बाटलीचे कार्य साध्या भौतिक नियमाने चालते. मूल दूध ओढते तसतशी आत पोकळी निर्माण होते व तेथे बाहेरची हवा शिरावी लागते. साध्या बाटलीत ती बुचाच्या कडेवरील बारीक छिद्रातून येते. ‘कॉलिकरोधक’ बाटलीत तिच्यासाठी स्वतंत्र नळी वा झडप असते. कल्पना चुकीची नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत दोन प्रकारच्या बाटल्यांची तुलना झाली, तेव्हा एका बाटलीवरील बालकांची कुरकुर दोन आठवड्यांच्या वयात काहीशी कमी आढळली. पण बाळ हवा गिळते ते मुख्यतः ओठ व बोंडी यांमधील फटीतून, किंवा दुधाची धार जोराची असल्यामुळे घाईघाईने गिळताना. संथ धारेची बोंडी, ती दुधाने भरलेली राहील असा बाटलीचा कल, बाळाचे डोके उंच आणि मध्ये थांबून काढलेला ढेकर, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

उलट, भाग जितके अधिक तितकी घाण लपण्याची जागा अधिक. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या लोकप्रिय होत्या. मुलाला मांडीवर न घेताही त्यांतून दूध पाजता येई, परंतु नळी आतून स्वच्छ होत नसे आणि दुधाबरोबर रोगजंतू पोटात जात. फ्रान्सने १९१० साली कायद्याने त्यांवर बंदी घातली. आजची नळी लहान आहे, ब्रशही मिळतो. पण बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे पुट बारीक छिद्रांत बसते, हे त्या भागातील गृहिणीस सांगावयास नको. (बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते, बाटलीतील जंतू मारण्यास तेवढे पुरते.)

म्हणून बाटली घ्यावीच लागली तर रुंद तोंडाची, सरळ पोटाची, कोनाकोपरे नसलेली घ्यावी. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण असावी. १९९२ च्या कायद्याने ती आवश्यक आहे, आणि २०१५ च्या मानकाने पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक वर्ज्य ठरविले आहे. याच कायद्याने दूधबाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. मग वेष्टनावर छापलेला ‘कॉलिकरोधक’ हा शब्द थकलेल्या आईबापांच्या मनावर जाहिरातीचेच काम करतो, त्याचे काय? या शब्दासाठी पुरावा मागितला गेला पाहिजे.

आपल्याकडे याहून जुने साधन आहेच. मराठी घरांतील बोंडले आणि तमिळनाडूतील पालाडै ही एकाच जातीची चोच असलेली छोटी भांडी. त्यांना ना नळी, ना झडप; बोट घालून घासता येतात आणि उकळता येतात. कामावर जाणाऱ्या आईने काढून ठेवलेले दूध त्यातून पाजता येते. मात्र बाळ जागे व टेकवून बसविलेले असावे, आणि दूध घशात ओतू नये. चोच खालच्या ओठाला टेकवून बाळ स्वतः ओढील तेवढेच द्यावे.