झेंडे बदलले, तिजोरीची किल्ली मात्र लंडनलाच

बर्मिंगहॅम शहरात स्ट्रॅटफर्ड रोडच्या दोन्ही अंगांनी पसरलेला स्पार्कब्रुक हा वॉर्ड आपल्याकडील भांडवली वृत्तपत्रांना अधूनमधून आठवतो. आठवतो तो एकाच कारणासाठी: तेथील मुसलमान मते या खेपेस कोणाच्या पारड्यात पडली हे सांगण्यासाठी. १९९०च्या दशकात या भागात काश्मीरच्या नावाने एक पक्ष उभा राहिला, २००६ मध्ये इराक युद्धाला विरोध करणारा 'रिस्पेक्ट' पक्ष येथे विजयी झाला. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरी बार मतदारसंघात, गाझाच्या प्रश्नावर लढलेल्या अपक्षाने मजूर पक्षाचा गड ५०७ मतांनी घेतला. प्रत्येक वेळी निदान एकच: 'गठ्ठा मतदान'. हे निदान सोपे आहे, सोयीचे आहे आणि खोटे आहे. खेदाची गोष्ट अशी की आपल्यातील काही मित्रही, किंचित सभ्य शब्दांत, हेच निदान उचलून धरतात.

स्पार्कब्रुकचा मतदार आला कोठून? आधी आयर्लंडमधून, आणि १९६०च्या दशकात मंगला धरणाने मीरपूर जिल्ह्यातील लाखाच्या आसपास माणसे विस्थापित केल्यानंतर फार मोठ्या संख्येने तेथून. ओतकामाच्या भट्ट्या, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, शेजारच्या स्मॉल हीथमधील बीएसएचा मोटारसायकल कारखाना यांना हात हवे होते. हात आले, त्या हातांबरोबर माणसेही येतात, त्यांना डोक्यावर छप्पर लागते, याचा विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही. पालिकेच्या घरासाठी प्रतीक्षायादीत नाव यावे म्हणून पाच वर्षांच्या वास्तव्याची अट होती. ती अट हुजूर पक्षाच्या सरदारांनी चालवलेली नव्हती, त्या काळी बर्मिंगहॅम पालिकेत बहुमत मजूर पक्षाचे होते. मग नवागत कामगार जुन्या पडक्या वाड्यांत एका खोलीत पाचसहा जण राहू लागला, आणि गलिच्छ वस्तीचा दोष त्याच्याच माथी मारला गेला. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये याच स्पार्कब्रुकवर ग्रंथ लिहिला व 'घरांवरून ठरणारे वर्ग' अशी कल्पना मांडली. ग्रंथातील माहिती मोलाची आहे. परंतु कारखान्यातील वर्ग बाजूला सारून घराच्या दाराशी वर्ग शोधणे ही विद्वानांची आवडती पळवाट होय, आणि तिचा मोह पुष्कळांना पडला.

नागरिक म्हणून जे हक्काने मिळायला हवे ते मिळेना, तेव्हा ते ओळखीने मिळवून देणारा मध्यस्थ जन्माला आला. घरदुरुस्तीचे अनुदान, मुलाचा शाळाप्रवेश, पारपत्राचा अर्ज, या प्रत्येक कामासाठी बिरादरीतला कोणी वजनदार माणूस. मजूर पक्षाने या माणसाकडून मते ठोक भावाने घेतली आणि त्या बदल्यात मतदारांशी बोलण्याचे कष्ट वाचवले. ज्याला आज 'गठ्ठा मतदान' म्हणून नाक मुरडले जाते त्याचे गठ्ठे बांधणारा हात कोणाचा होता, हे विसरू नये.

हा सौदा सर्वप्रथम मोडला तो काश्मीरच्या नावावर. त्या प्रसंगाची एक कडू आठवण मराठी वाचकाला आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये बर्मिंगहॅम येथील भारतीय वकिलातीतले अधिकारी रवींद्र म्हात्रे यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. पुण्यातील म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा. या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या दोघांच्या सुटकेच्या मोहिमेतून पुढे जो पक्ष निघाला त्याने स्मॉल हीथच्या परिसरात मजूर पक्षाकडून पालिकेच्या जागा हिसकावल्या. एका निरपराध माणसाचा जीव घेणाऱ्यांबद्दल आम्हाला कणभरही सहानुभूती नाही. पण मतदाराने मारेकऱ्यांना मत दिले असे म्हणणे म्हणजे राजकारण न समजणे होय. बंद पडलेला कारखाना, ओल आलेली भिंत आणि पक्षकार्यालयात कोणी उभे करत नाही हा रोजचा अनुभव यांना तेथे दुसरा झेंडाच उपलब्ध नव्हता. जो मिळाला तो त्यांनी धरला. तो पक्षही अखेरीस लिबरल डेमोक्रॅट पक्षात विरून गेला.

जून २००४ मध्ये मजूर पक्षाने वीस वर्षांची सत्ता गमावली आणि हुजूर व लिबरल डेमोक्रॅट यांची युती पालिकेत सत्तेवर आली. त्याच निवडणुकीत ॲस्टन आणि बोर्डस्ली ग्रीन या दोन वॉर्डांत टपाली मतांची इतकी सर्रास लबाडी झाली की एप्रिल २००५ मध्ये निवडणूक न्यायालयाने मजूर पक्षाच्या सहाही विजयी उमेदवारांची निवड रद्द ठरवली. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या देशातील ही गोष्ट आहे, एवढेच नमूद करून पुढे जाऊ.

स्पार्कब्रुकमध्ये २००६ साली सलमा याकूब निवडून आल्या आणि २००८ पर्यंत तिन्ही जागा रिस्पेक्टच्या झाल्या. युद्धविरोधी चळवळीने मशिदीतील तरुण, डावे शिक्षक आणि जुने कामगार प्रथमच एका व्यासपीठावर आणले होते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सभागृह १२० नगरसेवकांचे, त्यात तीन. पक्षाचे मूळ कोणत्याही कारखान्यात वा आगारात रुजलेले नव्हते, ते एका व्यक्तीच्या वक्तृत्वात आणि एका युद्धाच्या संतापात होते. २००७ च्या अखेरीस नेतृत्व आपसांत दुभंगले. २०११ मध्ये याकूब यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला आणि थोड्याच काळात वॉर्ड पुन्हा मजूर पक्षाकडे गेला. २०१२ मध्ये तर सारी पालिकाच त्याच्या हाती आली.

झेंड्यांच्या या फेरबदलात न बदललेली गोष्ट एकच, आणि खरा प्रश्न तेथेच आहे. इंग्लंडमधील पालिकेला रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही. सरकारने घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते किंवा मंत्र्याची परवानगी. १९८०च्या दशकात थॅचर सरकारने हा फास आवळला तेव्हा लिव्हरपूलच्या ४७ नगरसेवकांनी प्रतिकार केला आणि दंड व अपात्रता पत्करली. बर्मिंगहॅमच्या मजूर पक्षाने तो मार्ग घेतला नाही. २०१० नंतरच्या काटकसरीने पालिकेचे, तिच्याच हिशेबाने, सुमारे एक अब्ज पौंड हिरावले गेले, आणि ती कात्री चालवण्याचे काम पालिकेने मुकाट्याने केले.

सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने दिवाळखोरीची नोटीस काढली. कारण म्हणून पुढे करण्यात आले ते स्त्री कर्मचाऱ्यांचे समान वेतनाचे दावे. येथे थांबून पाहिले पाहिजे, कारण सर्वांत मोठी लबाडी येथे आहे. स्वयंपाकीण, सफाई करणारी, वृद्धांची शुश्रूषा करणारी यांना वर्षानुवर्षे त्याच दर्जाच्या कामासाठी पुरुषांपेक्षा कमी पैसे मिळत. पुरुषांना बोनस, त्यांना नाही. २०१० मध्ये हजारो स्त्रिया लवादापुढे जिंकल्या. पालिका भांडत राहिली, माजी कर्मचाऱ्यांच्या दाव्यांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१२ मध्ये तेथेही हरली. चोरलेली मजुरी परत करणे याला 'शहर बुडवणारा बोजा' असे नाव मिळाले. आणि देणे फेडण्यासाठी २०१५ मध्ये शहराचे प्रदर्शन केंद्र व सभागृहे खाजगी भांडवलाला विकली गेली. नव्या संगणकप्रणालीचा खर्च सुमारे दोन कोटी पौंडांवरून दहा कोटींच्या घरात गेला, त्याबद्दल मात्र कोणी स्वयंपाकिणीच्या वेतनाइतका आरडाओरडा केला नाही!

दिवाळखोरीनंतर लंडनच्या सरकारने आयुक्त नेमले. त्यांचा खर्चही पालिकेनेच सोसायचा. २०२२ मध्ये १०१ पैकी ६५ जागा जिंकलेल्या मजूर पक्षाचे बहुमत सभागृहात हात वर करत राहिले. घरपट्टीसारखा स्थानिक कर २०२४ मध्ये ९.९९ टक्के व २०२५ मध्ये ७.४९ टक्के वाढला. वाचनालये, तरुणांसाठीच्या सेवा यांवर कुऱ्हाड आली. लंडनमध्ये जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचेच सरकार आले, तरी आयुक्त राहिले.

मग पाळी आली कचरा उचलणाऱ्या कामगारांची. २०१७ च्या संपानंतर त्यांच्यासाठी निर्माण केलेले गाडीवरील एक पद पालिकेने रद्द केले. कारण? ते पद राहिले तर स्त्रियांचे नवे दावे उभे राहतील! म्हणजे समान वेतनाचा अर्थ स्त्रीचे वेतन पुरुषाएवढे वर नेणे असा न करता पुरुषाचे खाली आणणे असा केला गेला. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे काही कामगारांचे वर्षाला आठ हजार पौंडांपर्यंत नुकसान होणार होते; पालिकेने हा आकडा नाकारला. ११ मार्च २०२५ पासून बेमुदत संप सुरू झाला. महिनाअखेर हजारो टन कचरा रस्त्यावर होता, आणि दाट वस्तीच्या स्पार्कब्रुक, स्पार्कहिल, बॅलसॉल हीथमध्ये त्याचे ढीग व उंदीर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हवे तितके मिळाले. चित्राखाली कामगाराला दोष. क्वचित वस्तीतील लोकांच्या सवयींना.

स्त्रियांचे दावे जीएमबी संघटनेने लढवले, संप युनाइटने. मालक एक, शहर एक, लढाया दोन. स्वयंपाकघरातील बाई आणि गाडीवरचा कामगार पुष्कळदा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहतात. दोघांच्या मागण्या एका पत्रकावर मांडण्याचे काम ज्यांनी करायला हवे होते ते मजूर पक्षाचे नगरसेवक बाकाच्या दुसऱ्या बाजूला मालक म्हणून बसले होते. वॉर्डातील मते त्याच्यापासून का निसटतात याचे उत्तर कुराणात शोधण्याची गरज नाही. गाझाचा संताप खरा आहे, न्याय्य आहे. पण तो रिकाम्या तिजोरीच्या आणि भरलेल्या कचरापेट्यांच्या गल्लीत पेटला, म्हणून तो इतक्या दूर पोचला.

यावर काही उत्साही मित्र म्हणतील, मग पालिकेच्या निवडणुका लढवायच्याच कशाला? हा प्रश्न चुकीचा आहे, आणि त्याला उत्तर बर्मिंगहॅमच्याच वेशीवर मिळते. १९६४ मध्ये शेजारच्या स्मेदिकमध्ये हुजूर पक्षाचा उमेदवार उघड वर्णद्वेषाच्या प्रचारावर निवडून आला, आणि तेथील पालिकेने मार्शल स्ट्रीटमधील रिकामी घरे विकत घेऊन ती फक्त गोऱ्यांना देण्याचा बेत आखला. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे जगमोहन जोशी, ओतशाळेतील कामगार अवतार जोहल आणि त्यांचे साथी यांच्याकडे सभागृहात जागा नव्हत्या. त्यांच्याकडे भट्टीवरच्या पाळ्यांतून आलेली सभासदसंख्या होती. त्यांनी गोऱ्यांपुरत्या राखून ठेवलेल्या दारूगुत्त्यांत शिरून सत्याग्रह केले, १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांना त्या रस्त्यावरून चालवत नेले, आणि साऱ्या जगाच्या बातमीदारांना ती पाटी लावलेली घरे दाखवली. घरे खरेदीसाठी लागणारे कर्ज मजूर पक्षाच्या मंत्र्याने पालिकेला नाकारले. तिजोरीची किल्ली तेव्हाही लंडनलाच होती; फरक एवढाच की त्या वेळी तिला हात घालणारे कामगार रस्त्यावर उभे होते.