हा कसला वानप्रस्थ?

थंडी पडू लागली की शहापूर-मुरबाडकडच्या फार्महाउसांची कुलपे निघतात आणि मुंबई-ठाण्याची निवृत्त मंडळी तिथे मुक्कामाला येतात. गप्पा, गाण्याच्या बैठकी, हुरडा. त्यांनी एकत्र जमण्याला आक्षेप नाही. उतारवयात सोबत लागतेच. आक्षेप आहे तो या मुक्कामाला ललित लेखांतून बहाल होणाऱ्या ‘वानप्रस्थ’ या शब्दाला. वानप्रस्थात घर सोडायचे असते. इथे दुसरे बांधले जाते. (हुरडाही इथला नव्हे. तो देशावरच्या ज्वारीचा. हा मुलूख भाताचा.)

त्याहून गंभीर बाब अशी, की नेमक्या याच दिवसांत इथली अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. लेखात मग ‘निवांत, निर्मनुष्य पाडा’ अवतरतो. तो निर्मनुष्य का, हे मात्र लेखकाला विचारावेसे वाटत नाही. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. तोवर आपले वानप्रस्थी शहरात परतलेले असतात. आणि पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, मोठा गुरांचा बाजार लागतो. ऐन हिवाळ्यातला इथल्या माणसांचा मेळा तो हाच. या लेखांत तो मला अद्याप भेटलेला नाही.