पोरगं पीएचडी म्हणतंय? आधी हिशोब करा

वणीचे एक दुकानदार भाऊ परवा म्हणाले, "पोरगं एम.टेक. झालं, आता पीएचडी म्हणते. अजून किती शिकवू, सर?"

अहो, पैसे तुम्ही नाही भरायचे, त्यालाच मिळतात! नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा आयआयटी मुंबईत फेलोशिपसह निवड झाली, तर २०२३ च्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. त्यासाठी बहुतेक ठिकाणी गेट किंवा नेट मागतात.

पण जाहिरात नीट वाचा. प्रोजेक्टवरची जागा म्हणजे पीएचडीचा प्रवेश नव्हे. प्रोजेक्ट संपला की जागा संपते. म्हणून आधीच विचारायचं: पैसा किती वर्षांचा, पीएचडीला नोंदणी होणार का? गाळा भाड्यानं घेताना करार वाचता ना, तसंच.

विषय शोधायला लांब कशाला जाता? २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले. ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर ठेवता येईल असा स्वस्त फवारणी-पोशाख कोण बनवणार? आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे वेगळं केंद्र आहे. मुलाखतीत पोरानं हेच बोलावं, इंग्रजी तुटकं असलं तरी.