वाढीव घरपट्टी कुणाच्या खात्यात?

घरपट्टीचे बिल आपण भरतो, वाचत मात्र नाही. महाराष्ट्रात त्या बिलात महापालिकेच्या करांबरोबर राज्य सरकारचा शिक्षण उपकरही असतो, दुकान-कारखान्याच्या बिलात रोजगार हमी उपकरही. म्हणजे वसुली एक, वाटेकरी अनेक. हे आधी सांगितले, कारण मी ज्या योजनेबद्दल लिहितो आहे ती नेमकी या वाट्यांना हात घालते.

तिचे नाव टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. अमेरिकेत थोडक्यात ‘टिफ’. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१७ साली जमिनीच्या वाढत्या किमतीतून शहरांसाठी पैसा उभारण्याचा धोरण-आराखडा काढला. त्यात सुचवलेल्या मार्गांपैकी हा एक. मेट्रोसाठी दस्त नोंदणीवर लागणारा एक टक्का अधिभार मुंबई-पुणेकरांच्या अंगवळणी पडला आहे. टिफ मात्र अजून आपल्या चर्चेतही नाही, म्हणून आत्ताच बोललेले बरे.

हिशेब सोपा आहे. समजा, एका वस्तीतून वर्षाला एक कोटी घरपट्टी जमा होते. तिला ‘टिफ क्षेत्र’ जाहीर केले की हा आकडा गोठतो. पुढे इमारती उठल्या, भाव चढले आणि वसुली तीन कोटींवर गेली, तरी सर्वसाधारण तिजोरीत एकच कोटी जाणार. वरचे दोन कोटी वेगळ्या खात्यात, त्याच क्षेत्रातले रस्ते, पूल, गटारे आणि पुष्कळदा बिल्डरचा खर्च भागवण्यासाठी. शिकागोत ही मुदत साधारण २३ वर्षे असते. आज पहिलीत असलेले मूल तिशीला येईल तोवर.

कायद्याचा मूळ हेतू चांगला होता. जिथे कुणी पैसा घालायला तयार नाही अशा पडझड झालेल्या भागाला सरकारने हात द्यावा आणि ही मदत नसती तर विकास झालाच नसता, अशी खात्री पटल्यावरच द्यावा. प्रत्यक्षात काय झाले ते शिकागोत पाहावे. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ‘लिंकन यार्ड्‌स’ नावाच्या प्रकल्पासाठी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या टिफला मंजुरी दिली. ही जागा नदीकाठची, लिंकन पार्क आणि बकटाऊन या पैसेवाल्या वस्त्यांच्या मधली. जुने पोलाद कारखाने हलले होते, हे खरे. पण अशा मोक्याच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळाले नसते, हे कोण मानणार? महापौर राम इमॅन्युएल यांची कारकीर्द संपत आली होती, नव्या महापौर निवडूनही आल्या होत्या, तरी मंजुरीची घाई झाली. नागरिक संघटना कोर्टात गेल्या.

समर्थकांचे म्हणणे असे की आधी बिल्डर खर्च करतो, कर वाढला तरच त्याला परतफेड मिळते, मग नुकसान कुणाचे? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. लिंकन यार्ड्‌स रखडला, २०२५ मध्ये जमिनीचा मोठा भाग कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेला, पण शहराला आधीच तिजोरी रिकामी करावी लागली नव्हती. तरीही गोठलेल्या क्षेत्रातल्या वाढीचा वाटा शाळा, उद्याने, ग्रंथालये यांना मिळत नाही. त्यांची रक्कम राखायची तर कराचा दर चढवावा लागतो आणि तो बोजा सगळ्या शहरावर पडतो. मे २०१३ मध्ये शिकागोच्या शिक्षण मंडळाने सुमारे ५० सरकारी शाळा बंद करायचे ठरवले. त्यातल्या बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. त्याच महिन्यात बास्केटबॉलचे मैदान आणि हॉटेल यांच्या प्रकल्पासाठी साडेपाच कोटी डॉलरचा टिफ निधी जाहीर झाला. टीका झाल्यावर तो पैसा मैदानाला नाही, हॉटेल आणि जमिनीला आहे, असा खुलासा आला. बंद शाळेतल्या मुलाच्या आईला हा फरक कसा समजावणार?

मला सर्वांत खटकते ते वेगळेच. टिफमध्ये पैसा गरजेमागे जात नाही, भाववाढीमागे जातो. जिथे भाव चढतात तिथले खाते भरते. जिथे पडझड तशीच राहते तिथे क्षेत्र जाहीर करूनही खात्यात खडखडाट. आता हे आपल्याकडे लावून पाहा. मुस्लिमबहुल वस्त्यांत पाणी, गटार, रस्ते यांची कमतरता आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले. भिवंडीतल्या यंत्रमागाच्या गल्लीत किंवा मालेगावच्या मोहल्ल्यात उद्या मॉल उभा राहणार नाही. तिथले गटार सर्वसाधारण तिजोरीतूनच बांधले जाणार. शहराच्या चढत्या भागांची वाढ तिजोरीबाहेर गेली, तर ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकायला पहिले कोण उभे असेल? दलित वस्तीची, झोपडपट्टीची गोष्टही निराळी नाही.

कॅलिफोर्नियाने ही पद्धत १९५२ मध्ये सुरू केली आणि राज्याच्या तिजोरीवरचा, विशेषतः शाळांच्या खर्चाचा, ताण सोसेना म्हणून २०१२ मध्ये ती राबवणाऱ्या सुमारे चारशे संस्था गुंडाळल्या. नंतर मर्यादित रूपात तिला परत वाट दिली. त्यांना साठ वर्षे लागली.

शिकागोत निदान नगरसेवकांना उघड सभेत हात वर करावा लागला. आपल्याकडे मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती होती. अशा काळात वीस-बावीस वर्षांचे खाते एका सहीने उघडले गेले तर जाब विचारायचा कुणाला? म्हणून एखाद्या महापालिकेच्या सभेपुढे हा प्रस्ताव येईल तेव्हा नगरसेवकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. मदतीशिवाय विकास होणार नव्हता याचा पुरावा काय? खात्याचा हिशेब दरवर्षी प्रभागवार छापणार का? आणि गोठवलेल्या बिलात शिक्षण उपकराचा रकाना धरला आहे की वगळला आहे?